अंगठीतून महावस्त्र

व्हिएन्नात कुणी वारलं, की लोक म्हणतात, ‘तो एकाहत्तर नंबरनं गेला.’ एकाहत्तर नंबरची ट्राम शहरातून निघते ती मध्यवर्ती दफनभूमीच्या दारापर्यंत जाते. बीथोव्हन, शुबर्ट, ब्राम्स तिथेच विसावले आहेत. मे महिन्यातल्या एका लख्ख सकाळी श्वार्त्सेनबर्गप्लात्सच्या थांब्यावर मी त्याच ट्रामची वाट बघत उभी होते. मला मात्र दफनभूमीला जायचं नव्हतं. भाची म्हणाली होती, “मावशी, आपण मधेच उतरायचं, सांक्ट मार्क्सला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.”

माझा प्रश्न पंधरा वर्षं जुना होता.

कोकणात भातकापणीचे दिवस होते. धाकट्या भावाला पेंढी उचलताना फुरसं चावलं. हातभर लांबीचं, मातकट रंगाचं ते जनावर पेंढ्यात असलं तर दिसतही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी उभी ठेवली आणि बजावलं, “वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही.” फुरशाच्या विषानं रक्ताची गोठण्याची ताकदच जाते. ती वीस मिनिटं आम्ही दोघं त्या नळीकडे बघत बसलो. मग डॉक्टरांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच सलाईनमधून सापाची लस सुरू झाली. काही तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. तिसऱ्या खेपेला रक्त थिजलं, नळी आडवी केली तरी जागचं हललं नाही. भाऊ वाचला.

ती लस घोड्याच्या रक्तातून काढतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचत जातात, महिनोन्‌महिने मात्रा वाढवत नेतात. मग त्याच्या रक्तात त्या विषाला नेमकं धरणारे प्रतिपिंड, म्हणजे आपण ज्यांना अँटिबॉडी म्हणतो ते, तयार होतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. भाऊ तेव्हापासून कुठेही घोडा दिसला की हात जोडतो.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ‘जनुक म्हणजे प्रथिनाची पाककृती’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन, त्याला गणती नाही. पण त्या रात्रीपासून हे वाक्य मला पुरेना. तबेल्यात वाढलेल्या त्या घोड्यानं फुरसं कधी पाहिलं नव्हतं. मग फुरशाच्या विषाला धरणाऱ्या प्रतिपिंडाची पाककृती त्याच्याकडे आली कुठून? माणसाकडे प्रथिनांची जनुकं वीस हजारांच्या आसपास आणि प्रतिपिंडांचे प्रकार मात्र कोट्यवधी. एवढ्याशा वहीत एवढ्या पाककृती मावतात कशा?

हा प्रश्न घेऊन मी मुंबईहून इथवर आले होते.

*

आदल्या दिवशी भाचीनं मला विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत नेलं होतं. शहराच्या जुन्या तटबंदीच्या जागी आता ‘रिंग’ नावाचा प्रशस्त वळणदार रस्ता आहे. १८८४ साली उघडलेली ही भव्य इमारत त्याच रस्त्यावर उभी आहे. तिच्या पोटात कमानींचा चौक आहे आणि कमानींखाली या विद्यापीठातल्या विद्वानांचे पुतळे ओळीनं मांडलेले आहेत. श्रोडिंगरच्या पुतळ्यावर त्याचं समीकरण कोरलं आहे. स्त्रियांची स्मारकं इथे यायला २०१६ साल उजाडावं लागलं. लिझे माइटनरच्या स्मारकाशी मी थोडी जास्त वेळ थांबले. पण भाचीला मला दाखवायचा होता तो कार्ल लँडस्टायनर.

त्याचं नाव मी वर्गात दरवर्षी घेतलं होतं. १९०१ मध्ये याच शहरात त्यानं माणसाच्या रक्ताचे गट शोधले आणि १९३० मध्ये त्याला नोबेल मिळालं. युरो येण्यापूर्वी ऑस्ट्रियाच्या हजार शिलिंगच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. त्याचं दुसरं काम मात्र मी कधी शिकवलं नव्हतं, कारण मला ते ठाऊकच नव्हतं.

पहिलं महायुद्ध चालू असतानाच्या व्हिएन्नात लँडस्टायनरनं प्रयोगशाळेत बनवलेली साधी रसायनं प्रथिनांना जोडून जनावरांना टोचायला सुरुवात केली. पुढे न्यूयॉर्कला गेल्यावरही हे काम त्यानं सोडलं नाही. ती रसायनं निसर्गात कुठेच नव्हती. रंगाच्या कारखान्यातल्या रसायनशास्त्रानं जन्माला घातलेले ते रेणू पृथ्वीवर कुठल्याही सशाला, सशाच्या कुठल्याही पूर्वजाला भेटलेले असणं शक्य नव्हतं. तरी सशाच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले, आणि तेही इतके चोखंदळ की एकच अणुगट रेणूच्या या कोपऱ्यावर बसला आहे की शेजारच्या, एवढा फरक त्यांना कळत होता. उजव्या आणि डाव्या हाताच्या पंजासारखे, एकमेकांचं आरशातलं रूप असलेले दोन रेणूही ते वेगळे ओळखत होते.

मी त्या पुतळ्यापुढे उभी राहिले. माझ्या भावाच्या घोड्याचा प्रश्न या माणसानं शंभर वर्षांपूर्वी सशाला विचारला होता. जगात अजून जे अवतरलेलंच नाही, त्याला धरायचा हात शरीराजवळ आधीच तयार कसा असतो?

“त्याला उत्तर मिळालं नाही,” भाची म्हणाली. “१९४३ साली तो गेला. तेव्हा जनुक डीएनएचं असतं हेसुद्धा लोकांना पटलेलं नव्हतं.”

*

सांक्ट मार्क्स हा एकेकाळी शहराचा गुरांचा बाजार आणि कत्तलखाना होता. गुरांच्या बाजाराचं लोखंडी खांबांचं प्रचंड दालन अजून उभं आहे. त्याच परिसरात आज जीवशास्त्राच्या संशोधनसंस्थांचं मोठं संकुल आहे. जिथे जनावरांचे देह उघडले जात तिथे आता पेशीचं केंद्रक उघडून बघतात. पण आत जाण्याआधी भाची मला जवळच्या एका जुन्या, बंद पडलेल्या दफनभूमीत घेऊन गेली. आत पाऊल टाकलं आणि मी श्वास भरून घेतला. दोन्हीकडे लायलॅकची झाडं जांभळ्या फुलांच्या घोसांनी ओथंबली होती आणि सगळ्या हवेला त्यांचा गोडसर वास होता. इथे १७९१ च्या डिसेंबरात मोझार्टला पुरलं. नेमकं कुठे, ते कुणाला सांगता येत नाही. अंदाजानं एक स्तंभ उभारला आहे, त्याला टेकून एक शोकमग्न देवदूत उभा आहे.

बाकावर बसल्यावर भाचीनं एका खेळाची गोष्ट सांगितली. मोझार्ट गेल्यानंतर लवकरच त्याच्या नावानं एक संगीताचा खेळ छापला गेला. तो खरोखर त्याचाच, याला पुरावा नाही. सुरावटीचे छोटे छोटे तुकडे क्रमांक घालून दिलेले. दोन फासे टाकायचे, आकडा येईल तो तुकडा उचलायचा, पुढच्या जागेसाठी पुन्हा फासे टाकायचे. असे सोळा तुकडे जोडले की एक नृत्यधून तयार! तुकडे मूठभर, पण धुनी इतक्या निघतात की एका आयुष्यात वाजवून संपायच्या नाहीत.

“प्रतिपिंडाचं जनुक असंच असतं, मावशी. ते तयार नसतंच. त्याचे तुकडे असतात.”

१९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी हे दाखवून दिलं. उंदराच्या गर्भातला डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीतला डीएनए त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिला. गर्भात जे तुकडे एकमेकांपासून लांब होते ते त्या पेशीत जवळ आलेले होते. मधला डीएनए कापून टाकलेला होता. जन्मभर जशीच्या तशी राहते असं आम्ही मुलांना शिकवत आलो ती वही, ही एक पेशी कात्रीनं कापते आणि नव्यानं शिवते! तोनेगावांना १९८७ चं नोबेल एकट्याला मिळालं. कात्रीचं नाव रॅग. ती १९८९-९० मध्ये अमेरिकेत डेव्हिड शात्झ, मार्जोरी ऑटिंजर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडली.

प्रतिपिंडाला दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. माणसाच्या जड साखळीसाठी तुकड्यांचे तीन ढीग आहेत : व्ही नावाचे कामाचे तुकडे सुमारे ४०, डीचे २३, जेचे ६. प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा. म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास जुळण्या. हलक्या साखळीच्या तीनेकशे जुळण्यांनी त्यांना गुणलं की आकडा सोळा-सतरा लाखांवर जातो. शिवाय शिवण घालताना पेशी सांध्यावर डीएनएची चार अक्षरं खाते, चार आपल्या मनानं घालते. तिथून पुढे मोजदाद कोट्यवधींच्या पलीकडे जाते. हाडांतल्या मज्जेत जन्मणारी प्रत्येक बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पेशी, स्वतःची एक जुळणी घेऊन बाहेर पडते. फुरशाचं विष रक्तात येतं तेव्हा त्या अफाट गर्दीत कुणाच्या तरी हाताला ते लागतंच. मग तीच पेशी वाढवली जाते, तिच्या हाताला धार लावली जाते. घोड्याला महिनोन्‌महिने मात्रा देतात ती यासाठी.

मला वाटलं, मिळालं उत्तर. मी उठलेच. भाची म्हणाली, “थांब. इतकी वर्षं पुष्कळांना असंच वाटत होतं. पण एक सांग, फाशांच्या खेळात सगळे तुकडे एका पानावर असतात ना? कुठलाही आकडा आला तरी हात तिथे पोचतो. पेशीत तसं नाही. तिथे तुकडे लांब लांब आहेत. जवळचा तुकडा पटकन हाताला येतो. मग लांबचा कोण उचलणार?”

*

आम्ही काचेच्या दारातून आत गेलो. समोरच्या संस्थेला इथे सगळे ‘आयएमपी’ म्हणतात. १९८८ पासून ती इथे आहे. भाची याच संकुलातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिनं पडद्यावर उंदराच्या बाराव्या गुणसूत्राचं टोक दाखवलं. जड साखळीचे सगळे तुकडे तिथे एका ओळीत आहेत. एका बाजूला डी आणि जे दाटीवाटीनं बसलेले. कात्री, म्हणजे रॅग, तिथेच ठाण मांडून असते. दुसऱ्या बाजूला शंभरावर व्ही तुकडे. ते सुमारे २४ लाख अक्षरांच्या अंतरावर पसरलेले.

“चोवीस लाख म्हणजे किती लांब ते आधी बघू,” ती म्हणाली. “एक अक्षर एक मिलिमीटरचं धर. कात्री इथे, या दाराशी. तर शेवटचा व्ही तुकडा कुठे? आपण सकाळी ट्राममध्ये चढलो ना, साधारण तिथे. जवळजवळ अडीच किलोमीटर. याच मापानं केंद्रक म्हणजे वीसेक मीटरचं एक गोल दालन. माणसाच्या पेशीत त्या दालनात भरलेला एकूण धागा सहा हजार किलोमीटरचा. तू मुंबईहून इथे विमानानं आलीस, जवळजवळ तेवढा.”

मी खुर्चीत बसूनच राहिले. सात-आठ तास खिडकीतून खाली बघत मी जे वाळवंट, समुद्र, डोंगर ओलांडले होते, तेवढा धागा एका दालनात. त्यातल्या अडीच किलोमीटरच्या पट्ट्यावर शंभर गाठी. आणि त्यातली हवी ती गाठ दाराशी बसलेल्या कात्रीच्या तोंडाशी आणायची.

“आणतं कोण?”

भाचीनं माझ्या हाताकडे बघितलं. “तुझी अंगठी दे. आणि गळ्यातला दुपट्टा.”

लहानपणी आजी सांगायची, खरं महावस्त्र अंगठीतून आरपार जातं. माझा दुपट्टा महेश्वरचा, तलम. भाचीनं तो टेबलावर लांब पसरला. एका ठिकाणी चिमटीत धरून थोडासा अंगठीतून वर काढला आणि मग ओढत गेली. अंगठीच्या वर दुपट्ट्याचा फासा मोठा मोठा होत गेला. टेबलावरचे दोन्ही पदर दोन बाजूंनी सरकत अंगठीकडे येत राहिले. तिनं एका टोकाशी माझं बोट ठेवायला लावलं होतं. बघता बघता दुसऱ्या टोकाची जर माझ्या बोटाशी आली. मी जागची हलले नव्हते.

“ही अंगठी म्हणजे कोहेसिन.”

कोहेसिन हे प्रथिन १९९७ मध्ये याच संस्थेत किम नॅस्मिथ यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. त्याच वेळी अमेरिकेतल्या आणखी एका गटालाही ते सापडलं. पेशी दुभंगताना जुळ्या गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारं हे कडं. पण ते डीएनएचे असे फासेही ओढत असावं, अशी कल्पना नॅस्मिथ यांनी २००१ मध्ये मांडली होती. प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला २०१९ उजाडलं. याच संस्थेत यान-मिखाएल पेटर्स यांच्या गटानं काचेवर ताणलेल्या डीएनएवर माणसाचं कोहेसिन सोडलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली फासा वाढताना पाहिला. त्याचा वेग सेकंदाला २,१०० अक्षरांपर्यंत गेला. भाचीनं मला ती छोटी फीत दाखवली. काळ्या पार्श्वभूमीवर एक चमकता धागा, त्यावर एक ठिपका उमटला, फुगत गेला, धागा त्याच्यात ओढला जात राहिला. मी ती तीनदा पाहिली. आजीची अंगठी आणि आजीचं महावस्त्र मला तिथे दिसलं, कुणाही विणकराच्या आधी, कुणाही सोनाराच्या आधी, केंद्रक असलेल्या पेशींत चाललेलं.

त्या वेगानं मी मनात हिशोब केला. चोवीस लाख भागिले दोन हजार शंभर. अकराशे चाळीस सेकंद. एकोणीस मिनिटं. वीस धरा.

मला पुढचं क्षणभर ऐकू आलं नाही.

*

“पण इथेच खरी गंमत आहे,” भाची सांगत होती. “ही अंगठी इतका वेळ टिकत नाही.”

पेशीत वॅपल नावाचं एक प्रथिन असतं. अंगठीची कडी उघडून तिला डीएनएवरून उतरवणं हे त्याचं काम. ते चांगलंच काम आहे, कारण फासे सुटत राहिले नाहीत तर केंद्रकात गुंता होईल. पण वॅपलमुळे फासा फार लांब जाण्याआधीच सुटतो. अशा पेशीत कात्रीच्या जवळचेच व्ही तुकडे तिच्यापर्यंत पोचणार. ओळीच्या शेवटी, अडीच किलोमीटरवर बसलेल्या तुकड्यांचा नंबर कधीच लागणार नाही. ते वहीत लिहिलेले असतील, पण वाचले जाणार नाहीत.

हे नुसतं तर्काचं बोलणं नव्हतं. आयएमपीमध्ये माइनराड बुसलिंगर यांच्या गटानं वर्षानुवर्षं पॅक्स-५ नावाच्या एका प्रथिनाचा पाठपुरावा केला आहे. बी-पेशीला बी-पेशी बनवणारं हे प्रथिन. ज्या उंदरांमध्ये ते नाही, त्यांच्या पेशींत तुकडे जोडले जातात, पण फक्त जवळचे. लांबचे व्ही तसेच पडून राहतात. पॅक्स-५ लांबच्यांना जवळ आणतं हे कळलं होतं. ते कसं आणतं, हे मात्र कळत नव्हतं. २०२० मध्ये त्या गटानं उत्तर दिलं. पॅक्स-५ डीएनएला हात लावून ओढत नाही. ते फक्त वॅपलच्या जनुकाशेजारच्या नियामक पट्टीवर जाऊन बसतं आणि वॅपलचं उत्पादन कमी करून टाकतं. बस, एवढंच. सोडवणारा कमी झाला की अंगठी टिकते. अंगठी टिकली की फासा वाढतच जातो, पार शेवटच्या तुकड्यापर्यंत. आणि एकेक व्ही तुकडा कात्रीच्या तोंडासमोरून सरकत जातो. फ्रेडरिक आल्ट यांच्या बोस्टनमधल्या गटानं दाखवलं, की रॅग आपली जागा न सोडता समोरून सरकणारा डीएनए चाचपत असते. योग्य खूण आणि योग्य दिशा दिसली की कापते.

मी तीस वर्षं शिकवलेल्या जीवशास्त्रात नियंत्रण म्हणजे चालू करणं किंवा बंद करणं, दिव्याच्या बटणासारखं. इथे पेशी काय करते आहे? लांबच्याला बळ देत नाही, जवळच्याला दटावत नाही. हात लवकर सोडवणाऱ्याला थोडा वेळ आवरते. मग लांबचा आपोआप पोचतो. फासे तेच, तुकडे तेच. पण या एका घडीमुळे खेळ खरा होतो, सगळ्या तुकड्यांना डाव मिळतो.

त्यातही पेशीचं भान बघा. जड साखळी झाली, की पुढच्या टप्प्यावर वॅपल पुन्हा वाढतं. हलक्या साखळीच्या तुकड्यांसाठी पेशी हीच युक्ती वापरत नाही. तिथे लहान लहान फाशांची वेगळीच घडी असते. एकच पेशी, एकच अंगठी, पण नऊवारी नेसण्याची तऱ्हा वेगळी आणि सहावारीची वेगळी.

*

दुपारी कॉफीगृहात बसलो. चांदीच्या तबकात दुधाची कॉफी आणि शेजारी पाण्याचा पेला, ही इथली रीत. भाचीनं कागदी रुमालावर मला त्या ओळीचा नकाशा काढून दिला. मला सगळ्यात जास्त भावलं ते त्यातलं एक फाटक.

डीएनएवर ठिकठिकाणी सीटीसीएफ नावाचं प्रथिन बसतं. बाण काढावा तशी त्याला दिशा असते. कोहेसिनची अंगठी समोरून आली की ते तिला अडवतं. व्ही तुकड्यांच्या शेजारी असे पुष्कळ बाण आहेत, सगळे एकाच दिशेनं तोंड करून, कात्रीकडे. आणि व्ही व डी यांच्या मधोमध दोन बाणांचं एक फाटक आहे. आधी डी आणि जे जोडले जाईपर्यंत ते व्हीच्या प्रदेशाला रॅगसमोर येऊ देत नाही. आल्ट यांच्या गटानं २०११ मध्ये उंदरात ते दोन बाण मोडून पाहिले. फाटकाचं काम करणारी ती अक्षरं बदलताच क्रम बिघडला. फाटकाला लागून असलेला जवळचाच व्ही तुकडा भरमसाट वापरला गेला, लांबचे उपाशी राहिले. आणि जिथे हे जोडकाम व्हायलाच नको अशा पेशींतही ते होऊ लागलं.

त्या फाटकात एकाही प्रथिनाची पाककृती नाही. १९७२ मध्ये अशा डीएनएला ‘कचरा’ हे नाव मिळालं आणि ते पुष्कळ वर्षं चिकटलं. मीही वर्गात तो शब्द वापरला आहे. आपल्या जनुकसंचातला प्रथिनं लिहिणारा भाग दोन टक्क्यांच्या आतबाहेर. उरलेल्यात खरोखर निरुपयोगी पुष्कळ असेल. पण त्याच उरलेल्यात ही फाटकं आहेत, बाण आहेत, पॅक्स-५ ला बसायच्या पट्ट्या आहेत. ते काही बनवत नाहीत. कुणी कुणापर्यंत कधी पोचायचं, एवढं ठरवतात. माझ्या भावाच्या अंगात गेलेला प्रतिपिंड घोड्याच्या ज्या तुकड्यांतून घडला ते तुकडे जेवढे खरे, तेवढीच त्यांना भेटवणारी घडीही खरी.

आणि या कात्रीची जोखीमही खरी. आपल्या डीएनएला जाणूनबुजून कापणारी पेशी दुसरी क्वचितच सापडेल. कधी शिवण चुकते आणि हा भाग भलत्याच जनुकाला जाऊन चिकटतो. लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत हेच झालेलं आढळतं. रॅगच जन्मतः बिघडलेली असली तर बाळाला प्रतिपिंड नसतात, साधी सर्दीही त्याच्या जिवावर बेतते. इतकी धारदार वस्तू, म्हणूनच इतकी फाटकं. घरातली विळी आई कुठे ठेवायची, ते मला आठवलं.

*

संध्याकाळी श्टेफान्सडोमच्या चौकात गेलो. कौलांच्या रंगीत नक्षीवर तिरपं ऊन पडलं होतं. भाची मुख्य दरवाजातून आत गेली, मी बाहेरच थांबून भावाला फोन लावला. आपल्याकडे रात्र झाली होती, जेवणं उरकली होती.

मला जमेल तसं त्याला सांगितलं. अंगठी, दुपट्टा, दाराशी बसलेली कात्री, अडीच किलोमीटरची ओळ. तो शेतकरी माणूस आहे, मधे मधे विचारत नाही. ऐकत राहिला.

शेवटी म्हणाला, “आक्का, पार त्या टोकाचा तुकडा यायला वेळ किती लागत असेल?”

“काचेवर मोजलेला सगळ्यात मोठा वेग धरला तर वीस मिनिटं. पेशीत अडथळे असतात, जास्तही लागत असेल.”

फोनवर काही बोलणं नाही. मग त्याचा हळू आवाज आला, “म्हणजे आपण नळीकडे बघत बसलो होतो, तेवढा वेळ.”

“तेवढाच.”

“आणि तेव्हा तो माझ्यासाठी आधीच पोचलेला होता.”

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, तो आधीच पोचलेला होता. कुठल्याशा तबेल्यातल्या एका घोड्याच्या मज्जेत, फुरशाचं विष त्याला टोचण्याच्याही आधी, एका पेशीत असे तुकडे एकमेकांपर्यंत पोचले होते आणि कात्रीनं त्यांना जोडलं होतं. कशासाठी, ते त्या पेशीला ठाऊक नव्हतं. लँडस्टायनरच्या सशातही तसंच झालं असणार.

चौकाच्या कडेला व्हिएन्नाच्या घोडागाड्या रांगेनं उभ्या होत्या. पहिल्या गाडीचे दोन घोडे मान खाली घालून उभे होते, त्यांच्या अंगावर दिवसभराच्या उन्हाची ऊब असणार. मी जवळ गेले. अंगठी बोटात पुन्हा घातली होती, दुपट्टा गळ्यात होता. भावाच्या वतीनं आणि माझ्याही, मी त्यांना हात जोडले.